आफ्रिका म्हणजे एक तालुका नव्हे

काँगोत इबोलाचे रुग्ण सापडल्याची बातमी आली की घोडबंदर रोडपासून सीवूड्सपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक नकाशा फिरू लागतो. अख्खा आफ्रिका खंड लाल रंगानं भरलेला आणि खाली सूचना, ‘केनियातल्या मसाई माराचं बुकिंग केलेल्यांनी वेळीच रद्द करावं.’ लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जिवापेक्षा सिंह बघणं मोठं आहे का? दुसरा म्हणतो, काही होत नाही हो, टूरवाल्यांनी सांगितलंय, सगळं सेफ आहे. दोन दिवस वाद चालतो, कोणीतरी कोणाला बेजबाबदार म्हणतं, कोणी ग्रुप सोडून जातं, आणि ज्यांनी खरोखर पैसे भरलेत त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे दोन्ही तट एका वाक्यात अख्ख्या खंडाचा निकाल लावायला बघतात आणि तिथेच त्यांचं चुकतं. साथीच्या काळात सफारीला जावं की नाही हे ठरतं ते साथ नेमकी कोणत्या जिल्ह्यात आहे, तो रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो आणि आपण तिथे जाऊन काय करणार आहोत, यावरून. या कसोटीवर काँगोतल्या साथीपायी केनिया-टांझानियाची सहल रद्द करायचं कारण बहुतेक वेळा नसतं. काही जंगलांच्या बाबतीत मात्र ती पुढे ढकलणंच शहाणपणाचं असतं. आणि ज्या आजारानं सफारीहून परतलेला माणूस खरोखर दगावू शकतो, त्याची चर्चा आपल्याकडे होतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

आधी अंतरं पाहू. २०१४ ते २०१६ मधली इबोलाची साथ आजवरची सर्वांत मोठी. २८ हजारांहून जास्त रुग्ण, ११ हजारांहून जास्त मृत्यू. ती होती गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांत. लायबेरियाच्या मन्रोव्हियापासून नैरोबी पाच हजार किलोमीटरांहून लांब आहे. मुंबईपासून नैरोबी त्याहून जवळ, साडेचार हजारांच्या आसपास. माद्रिद तर मन्रोव्हियापासून चार हजारांच्याही आत. तरीही त्या वर्षी लोकांनी सहली रद्द केल्या त्या केनिया, टांझानिया, बोट्स्वानाच्या. स्पेनचं बुकिंग रद्द करावं असं कोणाच्या मनात आलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात काँगोच्या कसाई प्रांतात, बुलापे भागात साथ आली. ६४ रुग्ण, ४५ मृत्यू, आणि १ डिसेंबरला ती संपल्याचं जाहीर झालं. तिथून मसाई मारा सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर. ठाण्याहून कोलकाता जवळपास तेवढंच लांब आहे. कोलकात्यात साथ आली म्हणून येऊरला जायचं कोणी थांबवेल का?

हे आपल्याला तरी समजायला हवं, कारण आपण त्या नकाशाच्या लाल भागात राहून आलो आहोत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. पण जगाला सुरत कुठे आणि चेन्नई कुठे याच्याशी देणंघेणं नव्हतं. आखाती देशांनी भारताची विमानसेवा थांबवली, परदेशी पाहुण्यांनी सहली रद्द केल्या, भारतातून गेलेल्या प्रवाशांना विमानतळांवर वेगळं काढून तपासलं गेलं, आणि नुकसान अब्जावधी रुपयांचं झालं. त्या वेळी आपण म्हणत होतो, अहो, भारत केवढा मोठा देश आहे, तुम्ही सुरतेपायी केरळला का वाळीत टाकता? तक्रार रास्तच होती. तीच तक्रार आज नैरोबीच्या गाइडनं केली तर आपण ती ऐकून घेणार की नाही?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेतो. रोगाला विमानात बसायला एक माणूस पुरतो. हे खरं आहे आणि घडलेलंही आहे. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून एक आजारी प्रवासी विमानानं लागोसला उतरला. त्याच्यापासून नायजेरियात साखळी लागली; त्याला धरून २० जणांना लागण झाली, आठ जण गेले. त्याला रुग्णालयातून सोडा म्हणून दबाव असताना नकार देणाऱ्या डॉ. अमेयो अडाडेव्हो याही त्यातच गेल्या. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या राज्यात हा रोग मोकाट सुटला असता तर काय झालं असतं, या कल्पनेनं आजही अंगावर काटा येतो. पण तीच साथ तीन महिन्यांत संपली. सुमारे नऊशे संपर्कातल्या माणसांना शोधून, रोज घरी जाऊन त्यांचा ताप मोजून. इबोलाची लागण झालेला माणूस लक्षणं दिसेपर्यंत दुसऱ्याला रोग देत नाही; त्यानंतरही रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा शरीरातल्या द्रवांशी थेट संपर्क आला तरच तो पसरतो. करोनासारखा हवेवर चालत तो येत नाही. म्हणून त्याचे बळी कोण असतात? आजाऱ्याची सेवा करणारी आई, बहीण, नर्स. मृतदेहाला अंघोळ घालणारे नातेवाईक. रवांडात सप्टेंबर २०२४ मध्ये मारबर्ग या इबोलाच्याच कुळातल्या विषाणूची साथ आली, तेव्हा ६६ रुग्णांपैकी बहुसंख्य आरोग्य कर्मचारी होते. त्या महिन्यांत गोरिला पाहायला जंगलात चढलेल्या पर्यटकांपैकी कोणी त्यात नव्हतं.

मग पर्यटकाला हा रोग कधीच होत नाही का? होतो. ते प्रकरण सफारीला जाणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाला लागून मारामागाम्बो नावाचं जंगल आहे. तिथल्या एका गुहेत हजारो फळं खाणारी वटवाघळं राहतात आणि त्यांच्यावर जगणारे अजगरही. म्हणून तिचं नाव पायथन केव्ह. २००७ च्या अखेरीस एक अमेरिकन पर्यटक महिला तिथे जाऊन आली, घरी आजारी पडली, वाचली. तो मारबर्ग होता हे बऱ्याच महिन्यांनी कळलं. २००८ मध्ये एक डच महिला त्याच गुहेत गेली आणि मायदेशी परतल्यावर दगावली. तिच्या घरच्यांना किंवा तिची शुश्रूषा करणाऱ्यांना कोणालाही लागण झाली नाही. केनियात माउंट एल्गनवरच्या किटुम गुहेशीही १९८० आणि १९८७ मधल्या मारबर्गच्या रुग्णांचा संबंध जोडला गेला. रवांडातल्या साथीचा मागही शेवटी वटवाघळं असलेल्या खाणीतल्या गुहेपर्यंतच गेला. म्हणजे त्या वर्षांत हजारो लोक जीपमधून सिंह पाहून सुखरूप परतले आणि धोका होता तो एका अंधाऱ्या गुहेतल्या ओल्या, विष्ठेनं माखलेल्या खडकांवर. ‘आफ्रिकेला जाऊ नका’ या सल्ल्यानं त्या दोघींचं काय भलं झालं असतं? ‘वटवाघळांच्या गुहेत शिरू नका’ या एका वाक्यानं झालं असतं.

रद्द करा म्हणणाऱ्यांच्या दोन गोष्टी मात्र मी पूर्ण मान्य करतो. पहिली म्हणजे, सफारीला गेलेला माणूस सगळा वेळ जीपमध्येच राहील याची हमी कोण देणार? कच्च्या रस्त्यावर गाडी उलटली, छातीत कळ आली, तर तो स्थानिक रुग्णालयात जाणार. आणि साथीच्या काळात सर्वांत धोक्याची जागा तीच. नैरोबीत आम्रेफ या आरोग्य संस्थेची विमान-रुग्णवाहिका आहे, ती दुर्गम धावपट्ट्यांवरून रुग्ण उचलते. पण ती मिळायची तर विमा तसा हवा, आणि सरकारनं ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात गेलात तर अनेक पॉलिसी हात वर करतात. हृदयाचा त्रास असलेल्या सत्तरीतल्या काकांना साथ सुरू असलेल्या देशात पाठवायला मीही तयार होणार नाही. दुसरी गोष्ट सीमेची. मसाई मारा दूर आहे, पण युगांडाचं ब्विंडी आणि रवांडाचं व्होल्केनोज ही गोरिलांची जंगलं काँगोच्या सीमेला टेकलेली आहेत. २०१८ ते २०२० मधली काँगोच्या उत्तर किवू प्रांतातली इबोलाची साथ, जिच्यात २,२८७ माणसं गेली, ती गोमा शहरापर्यंत पोचली होती आणि गोमा रवांडाच्या सीमेवर आहे. तिथे ‘लांब आहे हो’ हे उत्तर चालणार नाही. रवांडातल्या मारबर्गच्या वेळी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं अनावश्यक प्रवासाचा फेरविचार करा असं सांगितलं, तर जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवासबंदीची शिफारस केली नाही. दोन जाणत्या संस्थांचा सूर वेगळा असेल तर आपल्या कुटुंबानं सहल सहा महिने पुढे ढकलली यात भित्रेपणा काही नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की हा निर्णय त्या जंगलाचा असू द्या, खंडाचा नको.

आणि गोरिलांच्या बाबतीत प्रश्न उलटाही आहे, जो आपल्याकडे कोणी विचारत नाही. तिथे कोणापासून कोणाला धोका आहे? २००२-०३ मध्ये काँगो प्रजासत्ताक या शेजारच्या, वेगळ्या देशातल्या लोसी अभयारण्याच्या परिसरात इबोलानं सुमारे पाच हजार गोरिला मेले असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माणसाचं साधं सर्दी-पडसंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ट्रेकच्या सकाळी रेंजर खोकणाऱ्या माणसाला मागे ठेवतात. गोरिलांजवळ गेल्यावर तोंडावर मास्क, मध्ये दहा मीटर अंतर, आणि एका तासात परत. शिंक आलीच तर तोंड फिरवून कोपरात. रवांडाचा परमिट दीड हजार डॉलरचा, आणि पैसे भरलेत म्हणून नाक गळत असताना ताप लपवून चढणारे पर्यटक असतात. साथीच्या काळातली सुरक्षितता ही फक्त आपल्याच जिवाची बाब आहे असं धरून चाललो तर हे दिसतच नाही. आपल्या तापामुळे तिथला एक कळप संपू शकतो, आणि तसं झालं तर त्याची भरपाई कुठलाही विमा देत नाही.

आता नैतिक आक्षेप. सहल ही चैन आहे, चैनीपायी तिळभरही धोका का पत्करायचा? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि ज्याला तो पटतो त्यानं जाऊ नये. पण ही चैन ज्यांच्या पोटाला लागते त्यांचा हिशेबही मांडायला हवा. मसाई माराभोवतीच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये मसाई कुटुंबं स्वतःच्या जमिनी प्राण्यांसाठी मोकळ्या ठेवतात आणि त्याचं भाडं पर्यटकांच्या पैशातून येतं. ते थांबलं की कुंपण घालणं, नांगर धरणं हेच त्यांच्यापुढे उरतं. युगांडात उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला पाचवा हिस्सा भोवतालच्या गावांना मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन बंद होतं, हातातली कामं गेली होती, आणि त्या जूनमध्ये ब्विंडीत रफिकी नावाचा प्रसिद्ध नर गोरिला शिकाऱ्याच्या भाल्यानं मेला. करोनात बंदी आवश्यक होती. त्यावर माझा वाद नाही. पण दीड हजार किलोमीटरांवरच्या साथीपायी जेव्हा आपण मारा रिकामा करतो, तेव्हा त्याची किंमत तिथला गाइड, स्वयंपाकी आणि वन्यप्राणी मोजतात, आणि त्या बदल्यात ठाण्यात कोणाचाही जीव वाचलेला नसतो.

याहून मोठं नुकसान आहे ते खरं सांगण्याच्या सवयीचं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं, तेव्हा ते मान्य करायला सत्ताधारी आणि व्यापारी दोघंही नाखूश होते, कारण प्लेगचं नाव निघालं की बंदर बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. झालंही तसंच. युरोपातल्या देशांनी दबाव आणला, पुढच्या वर्षी मुंबईहून हजची जहाजंसुद्धा थांबवली गेली. सव्वाशे वर्षांनी, २४ नोव्हेंबर २०२१ ला, दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला तत्परतेनं दिली. दोन दिवसांत ब्रिटन, अमेरिका, युरोपनं दक्षिण आफ्रिकेसह शेजारच्या देशांवर प्रवासबंदी घातली. पुढे कळलं की नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातच तो विषाणू होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी या बंद्यांना प्रवासातला वर्णभेद म्हटलं. पुढच्या वेळी एखाद्या देशाला संशयास्पद नमुना सापडला तर तो किती दिवस कपाटात ठेवायचा, असा विचार तिथल्या मंत्र्याच्या मनात आला तर दोष कोणाचा? सोसायटीच्या ग्रुपवरचा लाल नकाशा छोटा वाटतो, पण तो याच दबावाचा एक भाग आहे.

हीच गोष्ट आपल्या इमारतीत परतलेल्या शेजाऱ्याबाबत घडते, आणि इथे मात्र माणूस मरू शकतो. सफारीच्या प्रदेशात पर्यटकाला खरा धोका आहे तो मलेरियाचा, तोही फाल्सिपॅरम जातीचा, जो उपचार लांबला तर काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मलेरियानं मरतात, बहुतेक आफ्रिकेत. इबोलाच्या सगळ्यात मोठ्या साथीत दोन-अडीच वर्षांत गेली त्याच्या पन्नासपट माणसं एका वर्षात. यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत, डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही, औषधाप्रमाणे एक आठवडा ते चार आठवडे, घ्यायच्या. किती जण घेतात? बहुतेकांना वाटतं, मलेरिया काय, आपल्याकडेही असतो, आपल्याला सवय आहे. अशी सवय नसते.

आता कल्पना करा. सफारीहून परतून दहा दिवस झालेत, ताप, अंगदुखी, डोकं ठणकतंय. जुलै-ऑगस्टचा महिना, दवाखान्यात डेंग्यू आणि लेप्टोच्या रुग्णांची रांग. ग्रुपवर आधीच ठरलंय की आफ्रिकेहून येणाऱ्यांनी एकवीस दिवस लिफ्ट वापरायची नाही, मोलकरणीनं त्यांच्या घरी जायचं नाही. २०२० मध्ये नर्सना आणि डॉक्टरांना इमारतीत शिरू न देणाऱ्या सोसायट्या आपण पाहिल्यात. मग हा माणूस डॉक्टरांना सांगेल का, की मी केनियाला जाऊन आलोय? तो ‘व्हायरल असेल’ म्हणून गोळी घेईल आणि चौथ्या दिवशी आयसीयूत पोचेल. आणि समजा त्याला लाखात एक वेळा खरोखरच इबोला असेल, तर हीच लपवाछपवी सगळ्या इमारतीला भोवेल, कारण दोन्ही रोगांची सुरुवात एकसारखीच असते. संशयिताचा नमुना तपासायला पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, वेगळं ठेवून उपचार करायची सोयही उभी करता येते, पण या सगळ्याची सुरुवात रुग्णानं खरं बोलण्यापासून होते. माणूस भीतीनं गप्प बसला तर यंत्रणेतलं काहीच हलत नाही.

टूरवाल्यांवरचा अविश्वासही मला पूर्ण समजतो. ज्याला आपण निघालो तरच पैसे मिळणार आहेत, त्यानं ‘सेफ आहे’ म्हणणं हा पुरावा नाही. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये थेपले-लाडू किती न्यायचे, डॉलर किती, प्लग कोणता, यावर तासभर जातो. पण यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, आणि त्या लसीच्या पिवळ्या कार्डाशिवाय परतलात तर इथे विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाल, हे घाईघाईत सांगून होतं. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी ती लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोललं पाहिजे, हे तर राहूनच जातं. सेरेंगेटी, तरांगिरेत त्सेत्से माशा असतात, त्यांच्या चाव्यातून निद्रारोग होऊ शकतो आणि त्या गडद निळ्या-काळ्या रंगाकडे धावतात. तिथे झाडांना लटकवलेले निळे-काळे कापडी सापळे दिसतात ते त्यासाठीच. जीन्स आणि नेव्ही ब्लू टी-शर्ट घालून जीपमध्ये बसलेल्या आपल्या माणसांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. ज्या जिल्ह्यात साथ जाहीर झाली तिथून आपला मार्ग किती लांब आहे, हे टूर कंपनीनं लेखी द्यावं. सरकारी सूचना आली तर दंड न लावता तारीख बदलून मिळेल, हे बुकिंगच्या कागदावर असावं. विम्यात विमान-रुग्णवाहिका आहे का आणि साथीच्या भागात तो लागू राहतो का, हे मीटिंगमध्ये वाचून दाखवावं, आणि त्या मीटिंगला एक डॉक्टर बसवावा. कार्यक्रमात वटवाघळांची गुहा असेल तर ती काढून टाकावी. सोसायटीला सूचना लावायचीच असेल तर तिच्यात एवढंच लिहावं: सफारीहून परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांना फोन करा, कोणत्या देशात, कोणत्या जंगलात होतात ते आधी सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. त्याखाली जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर असावा, आणि फ्लॅट नंबर कोणाचाही नसावा.